'च' कुणी काढला?

१

अक्षर एवढंसं. कागदावर मुंगी बसली तरी त्याहून जास्त जागा अडवते. पण ते जागेवर नव्हतं, म्हणून चाव्या करणाऱ्या एका माणसाची बायको आपल्याच घराच्या फरशीवर मदतीची वाट बघत गेली.

झालं ते असं. मदतीच्या क्रमांकावर पूर्वी माणसं फोन उचलायची. आता तिथे एका कंपनीचं नवं यंत्र बसवलं होतं, कृत्रिम बुद्धिमत्तेचं. ते आवाज ऐकायचं, निकड जोखायचं आणि गाडी आधी कुणाच्या दारात धाडायची ते ठरवायचं. ही बाई स्वभावाने भिडस्त. छातीत कळ उठली तरी ती यंत्राला म्हणाली, "जरा दुखतंय हो. सवडीनं या." यंत्राने तिचा शब्द खरा मानला. 'सवडीनं' म्हणाली म्हणून तिला रांगेच्या शेपटाला लावलं. गाडी आली, सवडीनंच आली.

माणूस असता तर त्याने तो 'सवडीनं' ऐकून आधी गाडी सोडली असती. यंत्राला हे कळतं की नाही, ते बघायला तपासणी हवी होती. ती कुणी केलीच नव्हती.

आणि गंमत अशी, की असं होऊ नये म्हणून सरकारने आधीच आदेश काढला होता. कायदा व्हायला वर्षं लागतात, यंत्रं तेवढी थांबत नाहीत, म्हणून राज्यप्रमुखांनी आपल्या अधिकारात हा आदेश दिला. त्यातलं चौथं कलम बैठकीत मंजूर झालं ते असं: 'जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे तपासलेलीच यंत्रे वापरावीत.' राजपत्रात छापून आलं ते असं: '...तिथे तपासलेली यंत्रे वापरावीत.'

कोर्टात कंपनीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "तपासलेली वापरा, असं सरकार सांगतं. आम्ही तीही वापरतो, महाराज. न तपासलेली वापरू नका, असं यात कुठे म्हटलंय?"

न्यायाधीशांनी कागद उलटा केला, सुलटा केला. कुठेच म्हटलं नव्हतं.

'च' गेला होता आणि त्याच्याबरोबर अख्खा आदेश पोकळ झाला होता. तो कुणी काढला, हे शोधायचं काम आलं चाळणीबाईंकडे.

चौकशी खात्यातल्या या बाईंना सगळं शहर याच नावाने ओळखायचं. मोठ्या आवाजात बोलत नसत, टेबलावर हात आपटत नसत. समोरच्याचं बोलणं नुसतं हलवत राहायच्या, जाड ते वर राहायचं, बारीक ते खाली पडायचं. या वेळी मात्र त्यांच्या स्वतःच्याच मनात खडा होता. राजपत्र त्यांच्याकडेही आलं होतं. चौथं कलम त्यांनी वाचलं होतं आणि 'बरं झालं, थोडक्यात लिहिलंय' असं म्हणून पान उलटलं होतं.

मसुदा कक्षाचे उपसचिव त्यांची वाटच बघत होते.

"सोपं प्रकरण आहे, बाई. टंकलेखिकेची चूक. उद्या सकाळी तिच्या निलंबनाचा आणि फौजदारीचा प्रस्ताव वर जातोय. तुमची सही तेवढी हवी."

"चाळणीत आधी घालावं लागतं, साहेब," बाई म्हणाल्या. "खाली काय पडतं ते मग बघू. प्रस्ताव उद्या सकाळी ना? मग आजचा दिवस माझा."

त्या बाहेर आल्या तर बाकावर तो चाव्या करणारा बसला होता. बोटांना पितळेचा वास, नखांत कीस. उठून उभा राहिला.

"इथल्या एका पोरीला अडकवताय म्हणे?"

"अजून कुणालाच नाही."

"नका अडकवू." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू, बाई? बायकोला मीच मारलं."

२

"बसा," बाई म्हणाल्या. "आणि सांगा."

सांगण्यासारखं फार नव्हतं. बायकोने आधी नवऱ्यालाच फोन केला होता. तो दुकानात कानस लावत होता, चाक फिरत होतं. फोनचा दिवा लागलेला त्याने पाहिला. मनात म्हणाला, एवढी चावी झाली की करू. चावी झाली, गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं.

"माझ्या हातची चावी कधी फसत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशीचीसुद्धा फसली नाही. हेच डाचतं."

बाई एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी मसुदा कक्षात या. तुमच्यासमोर बोलायचं असेल ते बोलेन."

टंकलेखिका खिडकीपाशी पाठ करून बसली होती. तिशीची असेल. दोन्ही हात मांडीवर, जणू हातांनाच शिक्षा झाल्यासारखे.

"तू केलंस?"

"मीच केलं असेल, बाई."

"असेल? केलं की केलं असेल?"

"साहेब म्हणतात ना मी टाइप केलं. मग केलं."

"साहेब म्हणतात म्हणून सूर्य उगवत नाही गं. बरं, हे घे." बाईंनी मंजूर मसुद्याची प्रत पुढे सरकवली. "हे मला इथे बसून टाइप करून दे."

पोरीचे हात यंत्रावर पडले आणि जणू दुसरीच कुणी बसली. मान ताठ, नजर मसुद्यावर, बोटं आपोआप. छापून कागद हातात आला. बाईंनी तो राजपत्राशेजारी ठेवला. पोरीच्या कागदात 'च' होता. तो असणारच, आज ती सावध होती. पण बाई दुसऱ्याच एका ओळीवर थांबल्या.

मसुद्यात होतं, 'रुग्ण, वृद्ध आणि दीन यांची विशेष काळजी घ्यावी.' पोरीनेही 'दीन' लिहिलं होतं. राजपत्रात मात्र छापलं होतं 'दिन'.

"रुग्ण, वृद्ध आणि दिन," बाईंनी वाचलं. "म्हणजे सरकार आता दिवसांचीही काळजी घेणार. सोमवारला सर्दी झाली तर बघायला कुणीतरी हवंच."

पोरीला हसू आलं आणि ते आल्याचीच तिला लाज वाटली.

"तुझ्याकडून ही चूक होते कधी? ऱ्हस्व-दीर्घाची?"

"नाही होत. मास्तर घरी जाऊ देत नाहीत."

"मग राजपत्रातल्या या कागदाला तुझा हात लागलेला नाही. त्या दिवशी तू इथे नव्हतीस. कुठे होतीस?"

पोरीने ओठ मिटले. डोळ्यांना मात्र मिटता आलं नाही.

"आईला दवाखान्यात न्यायचं होतं. काम टाकून गेले. कुणाला विचारलं नाही. म्हणजे साहेबांना नाही विचारलं." मग एकदम हात जोडून ती म्हणाली, "बाई, मास्तरांना यात ओढू नका!"

चाळणीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मी तर मास्तरांचं नावही काढलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

३

मास्तर म्हणजे भाषा अधिकारी. जन्म प्राथमिक शाळेत गेला, उतारवयात सरकारने बोलावलं आणि आदेशांची भाषा तपासायला बसवलं. त्यांच्या टेबलावर दोन चष्मे असत, एक जवळचा, एक लांबचा. कचेरीत म्हणत, मास्तर जेवतानाही भाताची शितं ओळीत लावतात.

बाई लिहून घेत होत्या, तेवढ्यात मास्तरांनी जवळचा चष्मा लावून वहीत डोकावलं.

"बाई, राग मानू नका. हा घ आहे की ध?"

"घ. घर लिहिलंय."

"धर लिहिलंय. वरची रेघ अर्धी सोडलीत. घ नीट काढा बघू. रेघ पुरती द्या. हं! आता कसं घर उभं राहिलं. मघाशी नुसतीच धराधरी होती."

बाईंनी मुकाट्याने घ गिरवला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्यांना वर्गात बसवलं होतं.

"चौथ्या कलमातला 'च' तुमचा?"

"माझाच." म्हाताऱ्याची छाती क्षणभर फुगली. "साहेबांना तो नको होता. तो कंपनीचा सल्लागार बैठकीला यायचा, त्याला तर मुळीच नको होता. म्हणे, आदेशाला एवढी धार कशाला, सौम्य असू द्या. मी म्हटलं, राजेहो, 'शिजलेला भात खा' आणि 'शिजलेलाच भात खा' यात फरक आहे. पहिल्यात सल्ला आहे, दुसऱ्यात पोट दुखण्याची भीती आहे. बैठकीमागून बैठक झाली. शेवटी 'च' राहिला."

"आणि छापताना गेला."

"माझ्या हातून कागद सुटला तोवर होता. तो नंतर कुणीतरी काढला." त्यांची नजर खाली गेली. "मी छापील प्रत उघडून बघायला हवी होती. दुसऱ्या दिवशी टेबलावर आली होती. मनात म्हटलं, झालं गेलं, आता काय बघायचं. त्या माउलीचं कळलं तेव्हा उघडली."

"शेवटची प्रत कुणी तयार केली, मास्तर? पोरगी तर नव्हती."

मास्तरांनी जवळचा चष्मा काढून लांबचा लावला, मग तो काढून जवळचा लावला.

"तिला तुम्ही जायला सांगितलंत ना? साहेबांना न विचारता?"

"आई होती हो तिची. थांब म्हणून कसं सांगायचं?"

"उद्या तिच्यावर फौजदारी होणार आहे. माणूस मेल्याचा आळ तिच्यावर."

मास्तर उठले. टेबलाला धरून उभे राहिले. आयुष्यभर जो माणूस पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आला होता, त्याचे कान लाल झाले होते.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "पोरीचा काही संबंध नाही. 'च' मी काढला."

४

खोटं बोलणारी माणसं बाईंनी खूप पाहिली होती. मास्तरांइतकं अडाणी खोटं मात्र नव्हतं पाहिलं. ज्या 'च'साठी म्हातारा बैठकीमागून बैठक भांडला, तो स्वतः कशाला काढील? पोरीला वाचवायला घेतलेला आळ होता तो, आंधळ्यालाही दिसावा असा. बाईंनी तो लिहूनच घेतला नाही.

पण ते 'दिन' त्यांना सोडत नव्हतं.

तिथून त्या गेल्या सल्लागाराकडे. हा गडी उघड संशयित. कंपनीचा माणूस, गोड बोलणं, हसताना सगळे दात मोजून दाखवणारा.

"लपवायचं काय, बाई? तो 'च' मला खुपत होताच. भर बैठकीत मी म्हणालो, काढून टाका तो. मास्तर ऐकायला तयार नाहीत. त्या अक्षराला हात मात्र लावला नाही मी. छापखान्याचं दारही मला ठाऊक नाही."

"तुमच्या कंपनीचं ऐकून लिहिणारं यंत्रही आहे ना?"

"आहे की! बाजारात यायचंय अजून." माणूस खुलला. "आपण बोलायचं, ते लिहितं. तुमच्या मसुदा कक्षातही एक दिलं होतं, वापरून बघायला. फुकट." आणि मग आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन त्याचे दात एकेक करून आत गेले.

"कधी दिलं होतं?"

"आदेशाच्या आधी थोडं."

"तपासलेलं होतं?"

"तपासणी चालू होती."

"म्हणजे न तपासलेलं. तपासलेलीच यंत्रं वापरा असं सांगणारा आदेश न तपासलेल्या यंत्राने लिहिला. वा! चोराच्या कंदिलाने चोर शोधायला निघालात."

सल्लागाराने घाम पुसला. "पण चांगलं आहे हो यंत्र. बघा तरी." त्याने टेबलावरचं एक उघडलं. "बोला काहीही."

"आज हवा बरी आहे," बाई म्हणाल्या. पडद्यावर अक्षरं उमटली.

"आणि नुसतं लिहीत नाही, सांगितलेलंही ऐकतं, मधलं इकडचं तिकडचं बोलणं गाळतं. 'खाली या' म्हटलं की पुढची ओळ धरतं. एखादा शब्द नको असेल तर नुसतं म्हणायचं, 'आहे' काढा."

पडद्यावरचं 'आहे' नाहीसं झालं. उरलं, 'आज हवा बरी'.

सल्लागार कौतुकाची वाट बघत राहिला. चाळणीबाई मात्र पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. वहीत गिरवलेला घ त्यांना आठवला. आठवला नसता तर फार बरं झालं असतं.

५

संध्याकाळी मसुदा कक्षात सगळे जमले. उपसचिव, सल्लागार, मास्तर, टंकलेखिका. दाराशी चाव्या करणारा उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"चुकांच्या तीन जाती असतात," बाईंनी सुरुवात केली. "डोळ्याची चूक घ चा ध करते. बोटाची चूक शेजारचं अक्षर दाबते. आणि कानाची चूक 'दीन'चा 'दिन' करते, कारण कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. राजपत्रात जी चूक आहे ती कानाची. म्हणजे हा आदेश कुणी बघून लिहिलेला नाही. ऐकून लिहिलाय. या कचेरीत ऐकून लिहिणारं माणूस कुणी नाही. साहेब, तुमचं कपाट उघडा."

उपसचिव हलले नाहीत.

"पोपट तिथेच आहे, बाई," टंकलेखिका पुटपुटली. "आम्ही त्याला पोपट म्हणायचो. चौकशी लागल्यावर साहेबांनी तो कुलपात घातला."

"किल्ली हरवलीय," उपसचिव म्हणाले.

दारातून आवाज आला, "मी उघडू?"

चाव्या करणाऱ्याच्या हाताकडे एक नजर टाकून उपसचिवांना खिशातली किल्ली सापडली.

"यात गुन्हा काय आहे?" यंत्र टेबलावर ठेवत ते म्हणाले. "राज्यप्रमुखांची घोषणा तोंडावर आलेली, ही बाई गायब. मास्तर मसुदा वाचणार, यंत्र लिहून घेणार. एवढंच. पुढे चौकशी लागली तेव्हा मी मास्तरांना सांगितलं, यंत्राचं काढाल तर पोरगी पळाल्याचंही निघेल. मी तर तिला सांभाळूनच घेत होतो."

"सांभाळून घेत होता आणि प्रस्तावही लिहीत होता," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी कामं करता म्हणायची."

"पण 'च' यंत्राने खाल्ला असेल तर खाल्ला! त्याला मी काय करू? यंत्राच्या चुकीला कुणीच जबाबदार नसतं."

"यंत्राने खाल्ला नाही. यंत्राने सांगितलेलं ऐकलं." बाईंचा आवाज खाली आला. पुढचं त्यांना करायचं नव्हतं. पण पोरीच्या मानेवरची दोरी दुसऱ्या कुठल्या गाठीने सुटत नव्हती. "मास्तर, त्या दिवशी वाचलंत तसं चौथं कलम परत वाचा. जसंच्या तसं. मध्ये काही बोलला असाल तर तेही."

बाईंनी यंत्र सुरू केलं. मास्तरांनी जवळचा चष्मा लावला, मसुदा हातात धरला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं, "जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे तपासलेलीच यंत्रे वापरावीत."

पडद्यावर उमटलं, 'तपासलेली च यंत्रे वापरावीत'. 'च' वेगळा, दोन शब्दांच्या मध्ये पोरका उभा.

मास्तरांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षांच्या सवयीने जीभ आपसूक हलली.

"सुटा नको रे. जोडून. 'च' नीट काढा."

आणि त्यांची नजर खाली, मसुद्यातल्या पुढच्या ओळीवर गेली, जशी त्या दिवशी गेली असेल.

बाकीचे सगळे पडद्याकडे बघत होते. 'च' विझला. दोन्ही बाजूचे शब्द सरकून एकमेकांना भिडले, जणू त्यांच्या मध्ये कधी कुणी नव्हतंच.

शेवटी खोलीतल्या शांततेनेच मास्तरांनी मान वर केली. जवळच्या चष्म्यातून पडदा धूसर दिसत होता. त्यांनी तो काढला, लांबचा लावला, आणि वाचलं.

"मी काढायला सांगितला," ते हळू म्हणाले. "काढा. म्हणजे, पाटीवर काढतात तसा. क काढा, ख काढा. नीट, गिरवून."

"आम्हाला कळतं, मास्तर," टंकलेखिका म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "मी इथे असते तर कळलं असतं. मला रोज म्हणता की तुम्ही, अक्षर नीट काढ पोरी."

"सकाळी बाईंना खोटं सांगितलं, 'च' मी काढला म्हणून." मास्तर खुर्चीत बसले. "आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला गेलो, तेही जमलं नाही. खरं निघालं."

६

जबाब घ्यायचाच होता. बाईंनी वही उघडली. उपसचिवांचा चेहरा मघापासून उजळला होता. त्यांनी मास्तरांसाठी स्वतः पाण्याचा पेला भरून आणला.

मास्तरांनी तो तसाच ठेवला. दाराकडे वळून ते म्हणाले, "हे कुणामुळे झालं, ते तुम्हाला कळायला हवं. माझ्या जिभेने तुमचं घर मोडलं."

चाव्या करणारा पुढे येऊन बाकावर टेकला, कक्षात आल्यापासून पहिल्यांदाच.

"लिहा, बाई," मास्तर म्हणाले. "चूक माझीच."

"लिहून घ्या, लिहून घ्या," उपसचिव म्हणाले. "शब्दन् शब्द. माझीच, असं म्हणालेत ते."

चाळणीबाईंनी 'चूक माझीच' एवढं लिहिलं आणि पेन्सिल उचलली.

"साहेब, आता गोड लागला का 'च'?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मास्तर सांगतील. शिजलेला भात आणि शिजलेलाच भात, यात फरक काय, मास्तर?"

मास्तरांना प्रश्न कळला होता. त्यांची नजर वहीतल्या 'च'वर गेली.

"'च' आला की बाकीचे सगळे सुटतात," बाईच म्हणाल्या. "न तपासलेलं यंत्र ज्याने फुकट दिलं, तो सुटला. ज्याने ते घाईत टेबलावर मांडलं आणि नंतर कुलपात लपवलं, तो सुटला. मदतीच्या फोनवर न तपासलेलं यंत्र बसवणारी कंपनी तर आधीच एका अक्षराने सुटलीय, आता दुसऱ्याने कायमची सुटेल. छापलेला आदेश किती जणांनी वाचला असेल? मीही वाचला होता. मलाही दिसलं नाही. तुमच्या एका 'च'ने मीसुद्धा सुटते, मास्तर. सुटायला मलाही आवडेल. पण खरं लिहायचं तर तो तिथे बसत नाही."

"मला एकट्याला घेऊ द्या हो," म्हातारा काकुळतीने म्हणाला. "माझं वय झालं. तेवढंच हलकं वाटेल."

"हलकं वाटायचंय म्हणूनच नाही घ्यायचं," बाकावरून आवाज आला. चाव्या करणारा खाली बघून बोलत होता. "मीही म्हणत होतो, मीच मारलं. सकाळीच बाईंना सांगितलं. 'मीच' म्हटलं ना, की पुढे बघायला नको, आत बसून राहता येतं. तिने तर दुखत असताना 'सवडीनं या' म्हणून स्वतःलाच शेवटी लावलं. आता तुम्हीही तेच करताय."

मास्तर वहीकडे बघत राहिले. बाहेर कचेरी सुटली होती, जिन्यावर पायांचे आवाज उतरत होते. उपसचिवांचा हात त्या उद्याच्या प्रस्तावावर होता. टंकलेखिकेने पुढे होऊन तो त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, आणि त्यांनी घेऊ दिला.

"तर मग, बाई," मास्तर म्हणाले, "तो 'च' काढा."

पेन्सिल जागच्या जागी थबकली. बाईंनी मान वर केली.

"काढा म्हणजे?"

म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू येता येता मोडलं.

"खोडा," ते म्हणाले. "खोडा, बाई. आणि त्याच्या जागी 'ही'..." जुना शब्द जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला, आणि नवशिक्या पोराने अक्षर लावावं तसा दुसरा शब्द सावकाश लावला.

"लिहा."